जिओड्यूड ते गोलेम: साताऱ्या-सांगलीत कमी कँडीत दगडी टीम कशी उभी करायची

ग्रॅव्हेलरवर १०० कँडी घालवू नका. पोकेमॉन गो या मोबाइल गेममध्ये गोलेम हा दगडी पोकेमॉन मिळवण्याचा तो सगळ्यात महाग रस्ता आहे, आणि मेनूत तोच पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतो. जिओड्यूडचा ग्रॅव्हेलर व्हायला २५ कँडी लागतात आणि ग्रॅव्हेलरचा गोलेम व्हायला १००. पण पोकेमॉन ट्रेडमध्ये, म्हणजे दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदलीत, आलेला असेल तर दुसऱ्या टप्प्याचे १०० शून्यावर येतात. रेडसाठी (अनेकांनी मिळून बॉस पोकेमॉनशी करायची लढाई) सहा गोलेमची टीम करायची तर एका रस्त्याने ७५० कँडी जातात, दुसऱ्याने १५०.

गोलेम करायचाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. दगडी हल्लेखोरांत तो पहिल्या रांगेतला नाही. गेममध्ये त्याचा मूळ अटॅक २११ आहे, तर राइपेरियरचा २४१, टायरॅनिटारचा २५१ आणि रॅम्पार्डोसचा २९५. पण रॅम्पार्डोससाठी लागणारा क्रॅनिडोस सहजासहजी दिसत नाही, राइपेरियरला १२५ कँडीवर सिनो स्टोनही लागतो, आणि टायरॅनिटारचं पहिलं रूप असलेल्या लार्व्हिटारला बडी (सोबत चालणारा पोकेमॉन) करून चालायचं तर एका कँडीला ५ किलोमीटर पडतात. जिओड्यूडला १ किलोमीटर पुरतो. नव्या खेळाडूने पहिली दगडी टीम गोलेमची करावी आणि पुढे एकेक जागा बदलत जावी, हे आमचं स्पष्ट मत.

पकडताना आकाशाकडे बघा

जिओड्यूड रॉक आणि ग्राउंड अशा दोन प्रकारांचा आहे. गेममधलं हवामान रॉकला ‘अंशतः ढगाळ’ असताना बळ देतं आणि ग्राउंडला ‘ऊन’ किंवा रात्रीचं ‘निरभ्र’ असताना. म्हणजे जिओड्यूडला दोन्ही हवामानांचा फायदा मिळतो. असा बळ मिळालेला जंगली पोकेमॉन नेहमीपेक्षा पाच लेव्हल वरचा येतो. एरवी जंगलातली कमाल लेव्हल ३० असते, ती इथे ३५ होते. तिन्ही आयव्ही (अटॅक, डिफेन्स आणि स्टॅमिनाचे ० ते १५ मधले अंगचे गुण) किमान ४ असतात आणि पकडल्यावर स्टारडस्टही (ताकद वाढवायला लागणारं गेममधलं चलन) २५ टक्के जास्त मिळतं.

आपल्याकडे ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा बहुतेक काळ याच दोन हवामानांत जातो, त्यामुळे गोळा करायचा हंगाम तोच. जून ते सप्टेंबर मात्र साताऱ्यात जिओड्यूडच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही. पावसात वॉटर, इलेक्ट्रिक आणि बग यांना बळ मिळतं. ठोसेघर-चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर वारा लागला तर फ्लाइंग, ड्रॅगन आणि सायकिकला, आणि कास किंवा महाबळेश्वरच्या धुक्यात डार्क आणि घोस्टला. एक चूक पावसाळ्यात हमखास होते: नुसत्या ढगाचं चिन्ह आणि ढगामागे सूर्य असलेलं चिन्ह सारखंच समजणं. नुसता ढग म्हणजे ‘ढगाळ’, आणि तो फायटिंग, फेअरी आणि पॉइझनला बळ देतो. त्यातला फायटिंग तर गोलेमच्या मुळावर येणारा प्रकार. सूर्यासकट ढग असेल तरच रॉकला फायदा.

हे हवामान खिडकीबाहेरचं नसतं. गेम अंदाजावर चालतो, तासातासाने बदलतो आणि साधारण नऊ-दहा किलोमीटरच्या चौकोनावार ठरतो. शहरात ऊन आणि यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला गेलं की धुकं, हे गेममध्येही घडतं. बाहेर पडण्याआधी नकाशाच्या वरच्या कोपऱ्यातलं चिन्ह बघायची सवय लावा.

पकडल्यावर लेव्हल कशी ओळखायची? जिओड्यूडचा सीपी (लढाऊ ताकदीचा आकडा) १००० च्या पुढे असेल तर तो साधारण २८ किंवा त्याहून वरच्या लेव्हलचा समजा. नेमकं बघायचं तर लेव्हल वाढवणाऱ्या पॉवर अपच्या बटणावरचा आकडा वाचा: २,५०० स्टारडस्ट मागत असेल तर १९ ते २०.५, ५,००० मागत असेल तर २९ ते ३०.५, आणि ६,००० म्हणजे ३१ ओलांडली. असे वरच्या लेव्हलचे जिओड्यूड बाजूला ठेवा, त्यांना एखादा टॅग लावा आणि चुकून ट्रान्सफर (एका कँडीच्या बदल्यात कायमचा देऊन टाकणं) करू नका. तुमच्या टीमचे गोलेम यांच्यातूनच निघणार आहेत, कारण त्यांना पॉवर अपचा खर्च जवळपास नसतो.

बेरी कोणती द्यायची, यावर आमचं उत्तर नेहमी पिनॅप. जिओड्यूड पकडला की ३ कँडी मिळतात, पिनॅप दिली की ६. रॅझ बेरीने पकडण्याची शक्यता १.५ पट होते, पण चेंडू फिरवून टाकला की १.७ पट. म्हणजे वळणाचा चेंडू हातात बसवला तर रॅझ वाचते आणि पिनॅप देता येते. चेंडू बोटाखाली धरून आतलं वर्तुळ हवं तेवढं लहान झालं की चेंडू न फेकता बोट उचला, जिओड्यूडचा हल्ला सुरू होऊ द्या आणि तो संपत आला की फेका. वर्तुळ त्याच आकाराचं राहिलेलं असतं. फक्त १००० सीपीच्या पुढचा जिओड्यूड पळून जाईल अशी धास्ती असेल, तर अल्ट्रा बॉल वापरा आणि पिनॅपचा मोह सोडा.

चालून मिळणारी कँडी

बडी म्हणून जिओड्यूड घेतला तर १ किलोमीटरला १ कँडी. बडीला खाऊ घालून, खेळून, फोटो काढून त्याला ‘एक्सायटेड’ केलं की अर्ध्या किलोमीटरला एक. अजिंक्यताऱ्याची पहाटेची चढण किंवा चार भिंतीपर्यंतची फेरी रोज होत असेल तर हा उपाय बिनखर्चाचा आहे. अॅडव्हेंचर सिंक सुरू ठेवा, म्हणजे फोन खिशात आणि गेम बंद असला तरी पावलं मोजली जातात.

दोन ठिकाणी हिशेब चुकतो. वेग ताशी साधारण १०.५ किलोमीटरच्या पुढे गेला की अंतर धरलं जात नाही, म्हणून एसटीत किंवा गाडीवर बसून किलोमीटर होतील ही आशा नको. दुसरं, पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरखालून जाताना जीपीएस तुटतो. गेम उघडा असेल तर तुमचा खेळाडू भलत्याच जागी उडी मारतो आणि तेवढा तुकडा वाया जातो. वरच्या रस्त्याने चाला.

ट्रेड: सगळी बचत इथे आहे

कन्सोलवरच्या खेळांत ग्रॅव्हेलर ट्रेड झाला की समोरच्याकडे पोहोचताच त्याचा गोलेम होतो. गोमध्ये तसं होत नाही. ट्रेड झालेला ग्रॅव्हेलर ग्रॅव्हेलरच राहतो, फक्त इव्हॉल्व्हच्या बटणावर १०० ऐवजी ० दिसतं. आणि हे ट्रेड झालेल्या जिओड्यूडलाही लागू आहे: जिओड्यूड ट्रेडमध्ये घ्या, २५ कँडीत ग्रॅव्हेलर करा, पुढचा टप्पा फुकट.

म्हणून ग्रॅव्हेलर नाही, जिओड्यूडच ट्रेड करा. याला दोन कारणं. ट्रेड होताना तिन्ही आयव्ही नव्याने पडतात. तुम्ही १०० टक्केवाला जिओड्यूड दिलात तरी समोरच्याला काय मिळेल ते नशीब. आधी ट्रेड, मग आयव्ही बघणं आणि त्यानंतर २५ कँडी टाकणं, या क्रमाने गेलात तर वाईट आयव्हीवर कँडी खर्च होत नाही. दुसरं कारण स्टारडस्टचं. समोरच्याच्या पोकेडेक्समध्ये (मिळालेल्या पोकेमॉनची नोंदवही) ग्रॅव्हेलरची नोंद नसेल तर तो स्पेशल ट्रेड ठरतो. स्पेशल ट्रेड दिवसाला एकच होतो आणि स्टारडस्ट हजारांत, वेळप्रसंगी लाखांत जातं. जिओड्यूड बहुतेकांकडे नोंदलेला असतो, त्यामुळे साधा ट्रेड होतो: फक्त १०० स्टारडस्ट. शायनी (वेगळ्या रंगाचा दुर्मीळ) जिओड्यूड या भानगडीत आणू नका, तोही स्पेशल ट्रेडमध्येच जातो.

पायऱ्या अशा. दोघांचीही ट्रेनर लेव्हल किमान १० हवी. फ्रेंड कोड देऊन जोडून घ्या, एकमेकांना गिफ्ट पाठवा आणि एक दिवस जाऊ द्या. मग शंभर मीटरच्या आत या. एकाने जिओड्यूड दिला, दुसऱ्यानेही जिओड्यूडच दिला, तर दोघांनाही फायदा. नव्वद दिवसांची मैत्री झाली की नव्याने पडणारे आयव्ही किमान ५ असतात, तीस दिवसांच्या मैत्रीत किमान ३. ज्याच्याशी रोज गिफ्टची देवाणघेवाण चालते त्याच्याशीच टीमचे ट्रेड ठेवा. एकदा ट्रेड झालेला पोकेमॉन पुन्हा ट्रेड होत नाही, तेव्हा घाई नको.

लेव्हल तीच राहते, आयव्ही बदलतात. ३५ लेव्हलचा जिओड्यूड देऊन ३५ लेव्हलचाच घेतला, तर दोघांच्याही हातात जवळपास फुकटातला तयार गोलेम येतो. ट्रेडमध्ये ‘लकी’ पडला तर आयव्ही तिन्ही किमान १२ आणि पॉवर अपचं स्टारडस्ट निम्मं. पकडून वर्षं उलटलेल्या पोकेमॉनला लकी व्हायची शक्यता जास्त असते, म्हणून बॉक्सच्या तळाशी पडलेले जुने जिओड्यूड ट्रान्सफर करण्याआधी दोनदा विचार करा.

आता अंतराची गंमत. ट्रेडमध्ये कँडीही मिळते, आणि ती दोन्ही पोकेमॉन जिथे *पकडले* त्या जागांमधल्या सरळ अंतरावर ठरते: १० किलोमीटरच्या आत १, १० ते १०० मध्ये २, आणि १०० च्या पुढे ३ कँडी व सोबत एक नक्की एक्सएल कँडी (लेव्हल ४० च्या पुढे नेणारी). ट्रेड कुठे करता याला काहीच महत्त्व नाही.

सातारा आणि सांगली ही शहरं सरळ रेषेत ११० किलोमीटरच्या आसपास दूर आहेत. साताऱ्यात पकडलेला जिओड्यूड आणि विश्रामबागेत पकडलेला जिओड्यूड बदलला की दोघांना तीन-तीन कँडी, आणि तो ट्रेड कराडच्या स्टँडवर केला तरी फरक पडत नाही. मिरज त्याहून थोडं लांब, कोल्हापूरही शंभराच्या पुढे, म्हणजे तिथले पोकेमॉनही चालतात. कराड आणि इस्लामपूर साताऱ्यापासून शंभराच्या आत येतात, तिथे दोनच. पुण्याचं गणित मात्र बहुतेकांना फसवतं. रस्त्याने पुणे शंभराच्या पुढे वाटतं, पण साताऱ्यापासून स्वारगेट-शिवाजीनगर सरळ रेषेत पंचाण्णवच्या आसपासच भरतं. तिथे पकडलेला पोकेमॉन दोन कँडी देतो. हिंजवडी किंवा पिंपरीत पकडलेला शंभर ओलांडतो आणि तीन देतो. आयटीतल्या दादाला ‘ऑफिसपाशी पकड, स्वारगेटला नको’ एवढं सांगितलं तरी पुरे.

यातून पद्धत सोपी होते. गणपती-दिवाळीला किंवा गावच्या यात्रेला घरी येणाऱ्या मावसभावाने तिकडचे वीस-पंचवीस जिओड्यूड साठवून आणायचे, इकडच्याने तेवढेच ठेवायचे. बसल्या जागी सगळे बदलून घ्यायचे, आयव्ही बरे पडलेले ठेवायचे, उरलेले ट्रान्सफर करायचे. प्रत्येक नग ट्रेडचे ३ आणि ट्रान्सफरचा १ असे ४ कँडी देऊन जातो.

शॅडो जिओड्यूड ट्रेड होत नाही. टीम रॉकेटकडून सोडवलेला असेल तर तो वेगळा ठेवा. शॅडोला हल्ल्यात १.२ पट बळ मिळतं, पण गोलेमसाठी त्याला पूर्ण कँडी मोजावी लागते.

कुठे थांबायचं

पॉवर अपचा हिशेब कागदावर मांडला की डोळे उघडतात. लेव्हल २० पासून ३० पर्यंत ७५,००० स्टारडस्ट आणि ६६ कँडी लागतात, आणि ताकद साधारण २२ टक्के वाढते. ३० पासून ४० पर्यंत १,५०,००० स्टारडस्ट आणि १८२ कँडी लागतात, आणि वाढ फक्त ८ टक्क्यांची. गोलेमसारख्या मधल्या फळीच्या पोकेमॉनवर हा दुसरा खर्च करू नये. बटणावर ६,००० दिसायला लागले (लकी असेल तर ३,०००) की हात आवरा. एक्सएल कँडीचा तर विचारही नको, ती राइपेरियर किंवा टायरॅनिटारला लागेल.

आयव्हीचा बाऊ करू नका. अटॅकचा आयव्ही ० असला काय आणि १५ असला काय, फरक सात टक्क्यांचा. हल्ले चुकीचे असतील तर नुकसान त्याच्या कितीतरी पट आहे.

हल्ले: गोलेम इथे वाया जातो

गोलेमला फास्ट (सतत मारायच्या) हल्ल्यांत रॉक थ्रो किंवा मड स्लॅप येतो, चार्ज्डमध्ये (ऊर्जा साठवून मारायच्या) स्टोन एज, रॉक ब्लास्ट किंवा अर्थक्वेक. इव्हॉल्व्ह होताना यातला कोणताही पडतो. तुम्हाला हवेत रॉक थ्रो आणि स्टोन एज.

मोल्ट्रेस समोर आहे असं धरा. तो फायर आणि फ्लाइंग आहे. रॉक दोन्हींवर भारी, म्हणून १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६ पट. मड स्लॅप ग्राउंडचा: फायरवर १.६ पण फ्लाइंगवर ०.३९, एकूण ०.६२५. तोच गोलेम, तीच लेव्हल, आणि फटका चौथा हिस्सा. रेडमध्ये ‘गोलेम काही कामाचा नाही’ म्हणणाऱ्यांचे हल्ले तपासा, बहुधा मड स्लॅप आणि अर्थक्वेक निघतात.

फास्ट टीएम (हल्ला बदलणारी वस्तू) एक लावला की पुरे: दोनच पर्याय असल्याने मड स्लॅपचा रॉक थ्रो नक्की होतो. चार्ज्डमध्ये तीन पर्याय असल्याने अर्थक्वेकवर टीएम लावला तर स्टोन एज किंवा रॉक ब्लास्ट येईल. रॉक ब्लास्ट आला तर आणखी टीएम जाळू नका. स्टोन एजला ऊर्जेची एकच मोठी पट्टी भरावी लागते, आणि ती भरायच्या आत गोलेम पडला की सगळी ऊर्जा बुडते. रॉक ब्लास्टच्या तीन छोट्या पट्ट्या असतात, त्यामुळे निदान एखादा तरी सुटतो. दुसरा चार्ज्ड हल्ला उघडायला १०,००० स्टारडस्ट आणि २५ कँडी लागतात. टीमच्या सहापैकी एकाही गोलेमला त्याची गरज नाही.

कोणासमोर उतरवायचा, कोणासमोर नाही

मोल्ट्रेस हा गोलेमसाठी सगळ्यात सोयीचा बॉस. त्याचे फायर, फ्लाइंग आणि रॉक हल्ले गोलेमवर सगळेच ०.६२५ पट लागतात. चारिझार्डही तसाच, आणि मेगा (तात्पुरत्या जास्त ताकदीच्या रूपातला) चारिझार्ड वायही. मेगा चारिझार्ड एक्स मात्र फायर-ड्रॅगन होतो, तिथे रॉक १.६ पटच. झॅपडोसवर रॉक १.६ पट, पण त्याचे इलेक्ट्रिक हल्ले गोलेमवर ०.३९ पटच लागतात, त्यामुळे गोलेम तग धरतो.

हो-ओहवर रॉक २.५६ पट आहे, म्हणून सगळे गोलेम घेऊन धावतात. पण त्याच्याकडे सोलर बीम असू शकतो, तो ग्रासचा, आणि गोलेमला ग्रास २.५६ पट लागतो. एका फटक्यात गोलेम आडवा. पहिल्यांदा आत जाऊन बॉसचे हल्ले बघा. सोलर बीम दिसला तर बाहेर पडून टायरॅनिटार पुढे करा. आर्टिकुनोवरही रॉक २.५६ पट आहे, पण तो आइसने १.६ पट परत मारतो. रिव्हाइव्ह (पडलेल्या पोकेमॉनला उठवणारी वस्तू) भरपूर असतील तरच.

वॉटर आणि ग्राससमोर कधीच नाही. फायटिंग, ग्राउंड, स्टील आणि आइससमोरही शक्यतो टाळाच. जिममध्ये रक्षक म्हणून बसवला तर पहिल्या मॅचॅम्पपुढेच तो गळतो.

हवामान इथेही मोजा. ‘अंशतः ढगाळ’ असेल तर रॉक थ्रो आणि स्टोन एज १.२ पट, आणि बॉसच्या फायर-फ्लाइंग हल्ल्यांना काहीच नाही: मोल्ट्रेससाठी याहून चांगली वेळ नाही. उन्हात मोल्ट्रेसचे फायर हल्ले बळकट होतात, वाऱ्यात फ्लाइंगचे. तीन-चार जणच जमले असतील तर एकाने मेगा टायरॅनिटार किंवा मेगा एरोडॅक्टिल मैदानात ठेवावा, बाकीच्यांचे रॉक हल्ले तेवढा वेळ ३० टक्क्यांनी वाढतात. गावाकडे माणसं कमी जमतात, तेव्हा हा एक मेगा दोन जास्तीच्या गोलेमच्या तोडीचा पडतो.

अलोलन जिओड्यूड दिसला तर त्याचीही कँडी हीच, खर्च तोच आणि ट्रेडची सवलतही तीच. पण तो रॉक-इलेक्ट्रिक आहे आणि ग्राउंडसमोर २.५६ पट मार खातो, म्हणून नावात गोलेम असला तरी त्याला या टीमच्या टॅगमध्ये घालू नका. ट्रेडची युक्ती बोल्डोरलाही चालते: एरवी त्याचा गिगालिथ व्हायला २०० कँडी लागतात, ट्रेडमध्ये शून्य. सांगलीच्या भावाला जिओड्यूडबरोबर बोल्डोरचं पहिलं रूप असलेला रोगेनरोलाही साठवायला सांगा.